मामाला नाही कोण म्हणणार

माझ्या मुलाला स्वतःला बदलायचं वेड आहे. कुणाला तंबाखूचं असतं, कुणाला बैलगाड्यांच्या शर्यतीचं असतं, याला हे आहे.

वारूळवाडीच्या शिवारात आमची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, झेंडू यांची रोपं आम्ही ट्रेमध्ये वाढवतो आणि शेतकऱ्यांना लागवडीसाठी देतो. मुलाने ती एका शेडपासून वाढवली, त्याचे कष्ट मी नाकारत नाही. पण धंदा वाढला तसा तो आळेफाट्याला जायला लागला. तिथल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये दर महिन्याला धंदेवाल्यांचा वर्ग भरतो. गॅरेजवाले, पाइपवाले, हॉटेलवाले, डेअरीवाले, सगळे मालक लोक गळ्यात बिल्ला अडकवून बसतात आणि पुण्याहून एक सर येऊन त्यांना शिकवतात. याला कोचिंग म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकले. जे शिकले ते एकदाच शिकले, पाढे अजून येतात. या पोक्त माणसांना मात्र तेच ते दर महिन्याला परत शिकवावं लागतं, आणि शिकवून झालं की ते टाळ्या वाजवतात.

पहिल्यांदा तो पहाटे उठायला शिकून आला. गजर लावून उठायचा, अंगणात मांडी घालून डोळे मिटून बसायचा. लग्नसराई सुरू झाली, रोज कुणाची तरी हळद, कुणाची तरी वरात. पहाटेचं उठणं तिथेच संपलं. मग सकाळची मीटिंग आली. आमच्याकडे ट्रे भरायला, रोपं निवडायला आजूबाजूच्या वाड्यांतून बायका येतात. त्यांना गोल उभं करून याने विचारायचं, "आज तुम्हाला कसं वाटतंय?" बायका एकमेकींकडे बघायच्या. त्यातली एक म्हणाली, "शेठ, पाठ दुखती असं वाटतंय." दुसरी म्हणाली, "मला च्या प्यावा वाटतोय." दोन-चार दिवस हसण्यात गेले. मग रोपांच्या गाड्या यायला लागल्या आणि मीटिंग बंद पडली. बंद पडली असं कुणी म्हटलं नाही. ती नुसती भरली नाही.

मी तेव्हाही बोलले होते. "जे टिकवायचं न्हाई ते आणतोस कशाला?" तो म्हणाला, "आई, बदलाला वेळ लागतो." मी म्हटलं, "बदलाला वेळ लागतो, आन् मोडायला लगीच जमतं."

तरी मान्य करते, तिसऱ्या खेपेला तो कामाचं काहीतरी घेऊन आला. सरांनी विचारलं म्हणे की तुमच्या धंद्यात सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात. याने खरं सांगितलं. भांडणं व्हायची बुकिंगवरून. हा कुणालाही, कुठेही, तोंडी रोपं देऊन बसायचा. चहाच्या टपरीवर, मोटरसायकल चालवताना फोन कानाला लावून, लग्नाच्या मांडवात. एकच लॉट दोघांना कबूल व्हायचा. मग जो जवळचा किंवा जो मोठ्याने ओरडेल, तो रोपं घेऊन जायचा. दुसऱ्याने रान तयार करून, मल्चिंगचा कागद अंथरून, पाण्याच्या नळ्या टाकून आमच्या नावाने बोटं मोडायची. त्याला पुढच्या लॉटपर्यंत ताटकळावं लागायचं, नाहीतर कुठली तरी राहिलेली, उंच वाढलेली, मुळं गुंडाळलेली रोपं न्यावी लागायची. तसली रोपं रानात धड उभी राहत नाहीत.

सर म्हणाले, हे काम तुमच्या हातून काढा आणि एकाच माणसाकडे पूर्ण द्या. ते काम सुनेकडे आलं.

माझी सून शेतीची पदविका शिकलेली आहे. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं ती बियाण्याच्या कंपनीत होती, शेतोशेत फिरायची. मुलं झाली, धंदा वाढला, तेव्हा हा म्हणाला, घरातच कर. तिने केलं. तिचं माझं फार गूळपीठ आहे असं कुणी समजू नये. ती भाजीत तेल कमी घालते आणि बोलताना तोंडावर बोलते. दुसरी गोष्ट मीही करते, म्हणून आमचं खटकतं. पण काम तिला येतं, हे आंधळ्यालाही दिसेल.

मुलाने शेडसमोर नारळ फोडला. सगळ्या बायांसमोर, गाडीवाल्यांसमोर म्हणाला, "आजपासून कुणाला रोप कधी द्यायचं ते या ठरवणार. त्यांनी तारीख दिली की दिली. मी पण मधे बोलणार नाही."

मागून एक बाई म्हणाली, "शेठ, मधी न बोलता तुमी जगाल का?"

सगळे हसले, तोही हसला. सून हसली नाही. जेवताना तिने मला आणि त्याला एकदमच सांगितलं. "मी हे मनापासून करीन. पण हे पण मीटिंगसारखं मोडलं, तर मी कंपनीत परत जाईन. त्यांचे फोन येतात. भांडून जाणार नाही, आत्ताच सांगून ठेवतेय."

"नाही मोडणार," मुलगा म्हणाला. "मी सरांना शब्द दिलाय."

बायकोला नव्हे, सरांना.

उन्हाळी टोमॅटोच्या रोपांचे दिवस आले. कधी नव्हे ते आमच्या फाटकाशी आरडाओरडा नव्हता. ज्याच्या नावाचं बी पेरलं, त्याच्या नावाची पाटी त्या वाफ्याला लागायची, आणि दिलेल्या दिवशी तो गाडी घेऊन यायचा. मला सवय झाली होती शिव्या ऐकायची. जुन्नरचे एक चाचा आमच्याकडून दरवर्षी रोपं नेतात. घरचा धंदा बांगड्यांचा, पण यांना शेतीचा नाद. ते एकदा माझ्याशेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, "भाभी, पैले मी तारखेच्या आधीच येऊन बसायचो, आपली रोपं कुनी पळवू नये म्हनून. आता घरी झोप लागती."

हे सगळं मोडलं नदीच्या घाटावर.

आमच्याकडे जुन्नर-आंबेगावात दहाव्याला किती माणूस जमतं हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. सकाळी घाटावर मांडव, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. प्रवचन होतं, कावळा शिवला की पुढारी उठून श्रद्धांजलीची भाषणं करतात. एकामागून एक, संपत नाहीत. आणि मागच्या बाजूला बसलेली माणसं तेवढ्यात सगळे व्यवहार उरकतात. स्थळं ठरतात, बैल ठरतात, जमिनीच्या वाटणीचे मध्यस्थ ठरतात. गेलेल्या माणसाबद्दल पुढे, आणि राहिलेल्यांचं मागे. त्यात मला गैर वाटत नाही, एवढी माणसं पुन्हा कुठे एकत्र सापडणार. पण त्या जागेचा एक कायदा आहे. दहाव्याला चार माणसांत दिलेला शब्द मागे घेता येत नाही. तो मागे घेणाऱ्याचं नाव पुढच्या प्रत्येक दहाव्याला निघतं.

आंबेगाव तालुक्यात माझं माहेर. तिथल्या भावकीतल्या एकाचा दहावा होता, मी आणि मुलगा गेलो. भाषणं लांबली तेव्हा माझे गुडघे आखडले, म्हणून मी उठून मागच्या कट्ट्याकडे गेले. तिथे माझा धाकटा भाऊ माझ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून बसला होता. आजूबाजूला पाच-सहा टोप्या.

भाऊ म्हणत होता, "भाचे, दुसरीकडची रोपं लावली, तर निम्मं रान मर रोग लागून गेलं. उपटून टाकलं सगळं. आता तू तारलं तर ठीक."

"मामा, आधी फोन करायचा ना."

"फोन कशाला? भाच्याची नर्सरी आसताना मामानं नंबर लावायचा का?" टोपीवाले हसले. भाऊ त्यांच्याकडे बघून म्हणाला, "आमचा भाचा लई मोठा झालाय. आता फोटो आसतो त्याचा, आळेफाट्याला बिल्ला लावून."

मी मुलाच्या तोंडाकडे बघत होते. त्याला काय शिकवलं होतं ते मला पाठ झालं होतं, कारण तो घरात मोठ्याने म्हणायचा. थांबायचं, श्वास घ्यायचा, 'विचारून सांगतो' म्हणायचं. तो थांबला. श्वासही घेतला. मग म्हणाला, "परवा गाडी पाठवा मामा. घरचंच हाय."

"याला म्हंत्यात भाचा," एक टोपी म्हणाली.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "कुणाची रोपं देणार हायेस?"

"बघू. होईल अॅडजस्ट."

"तयार रोपं जुन्नरच्या चाचांची हायेत. दुसरी अजून बोटभर न्हाईत."

"आई, घाटावर मामाला नाही कसं म्हणायचं? तू तरी म्हणशील का?"

"मी शब्दच दिला नसता."

"चार माणसं होती."

"म्हून तर म्हंते."

मंचर गेल्यावर मी म्हटलं, "घरी गेल्या-गेल्या तिला सांग."

"योग्य वेळ बघून सांगतो. सरांनी शिकवलंय, अवघड बोलणं योग्य वेळ बघूनच करायचं."

"आन् शब्द द्यायची योग्य वेळ कोन्ती शिकवलीय? दहावा?"

त्यावर त्याने गाणी लावली.

त्याने त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी सुनेला सांगितलं नाही, कारण ते त्याचं काम होतं आणि त्याला तोंड दिलंय देवाने. मालक माणसाचे निरोप घरातल्या बायांनी पोचवायचे, हा धंदा मी आयुष्यभर केला. आता करणार नाही.

ठरलेल्या सकाळी पिकअप आली. पुढच्या सीटवर भाऊ स्वतः बसून आला होता, पांढरे कपडे घालून, जसा काही नवरदेवाच्या मिरवणुकीला आलाय. सून शेडच्या दाराशी उभी होती, चाचांच्या ट्रेवर पाणी मारून घेत होती.

"सूनबाई, चला, भरायला लावा."

"या मामा. कशाची रोपं? तुमचं बुकिंग नाहीये."

"बुकिंग तुझ्या नवऱ्याकडं हाय. घाटावर झालंय."

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने पाण्याचा पाइप खाली ठेवला आणि भावाला सरळ सांगितलं, "मामा, ही रोपं जुन्नरची आहेत. त्यांचं रान तयार आहे, दुपारी गाडी येतेय. तुमच्यासाठी मी आजच पेरते, पण ही देता येणार नाहीत."

"पोरी, मी तुझ्याशी बोलतोय का? मालकाला बोलीव."

रोपं निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. मालक कुठे होता? मालक पत्र्याच्या केबिनमध्ये बसून फोनवर सरांच्या वर्गाला हजर होता. महिन्याच्या मधे एकदा फोनवर उजळणी असते. केलेले बदल टिकले का, याची. मी दार ढकललं. फोनच्या काचेवर चौकटी-चौकटीतून मालकांची तोंडं दिसत होती.

"भाईर ये," मी म्हटलं. "तुझा मामा आलाय."

त्याने फोनवर हात ठेवला. "आई, दोन मिनिटं."

"आत्ता."

फोनमधून सर म्हणाले, "काही अडचण आहे का?" हा म्हणाला, "सर, एक प्रसंग आलाय. आपण जो विषय घेतला तोच. नाही म्हणायचा." सर म्हणाले, "उत्तम! जा, करून या, आम्ही थांबतो." उत्तम म्हणे. दारात माझा भाऊ फुरफुरतोय आणि यांना उत्तम.

मुलगा बाहेर आला. मला वाटलं, आता बोलेल. बोलला. भावाच्या पाठीवर थाप मारून, हसत हसत बोलला, "मामा, मी तर गाडी भरून दिली असती. पण काय करू, आमच्याकडं हल्ली मॅडमचं राज्य आहे! आमचं कोण ऐकतंय!"

गाडीवाला हसला. दोन-तीन बाया हसल्या. भावाने सुनेकडे बघितलं, खालपासून वरपर्यंत, आणि म्हणाला, "आसं हाय व्हय. बरं. बायकूच्या हातात गेलं का सगळं. राव, आधी सांगायचं, मी तिलाच घाटावर बोलीवली आसती." आणि गाडीत बसून रिकामी पिकअप घेऊन गेला. जाता जाता ड्रायव्हरला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. ते आता माहेरच्या सगळ्या कट्ट्यांवर सांगितलं जाणार होतं, मला माहीत होतं. माझ्या मुलाचं नाव त्यात नसणार. सुनेचं असणार.

मुलगा केबिनमध्ये परत गेला. दार उघडंच होतं. "सर, मी नाही म्हणालो," तो म्हणाला, आणि फोनमधून टाळ्या ऐकू आल्या. गॅरेजवाल्यांच्या, पाइपवाल्यांच्या, डेअरीवाल्यांच्या टाळ्या.

मी सरांना दोष देत नाही. फोनमध्ये त्यांना माझ्या पोराचं तोंड तेवढं दिसतं. आजूबाजूला कोण उभं आहे ते दिसत नाही. पण मग टाळ्या कसल्या वाजवता? बघितलं का तुम्ही? मुलाने बोलून दाखवलं आणि तुम्ही वाजवल्या. उद्या तो म्हणेल मी गड चढलो, तर त्यालाही वाजवाल.

सुनेने चाचांचे ट्रे भरून बाजूला लावले आणि ती घरात गेली. दुपारी चाचांची गाडी आली. ते म्हणाले, "भाभी, आज सूनबाई न्हाईत? त्यांना सांगा, रोपं झकास हायेत." मी म्हटलं, सांगते.

संध्याकाळी सुनेने चहा ठेवला आणि मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हतं."

"मग?"

"त्यानं सांगायचं व्हतं."

तेवढ्यात मुलगा आला, खुशीत होता. तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, "मी कंपनीला हो सांगणार आहे. पुढच्या महिन्यापासून."

"का? अगं, नियम मोडला का मी? रोपं तुझ्या म्हणण्याप्रमाणेच गेली ना? मी मामाला नाही म्हणालो, सगळ्यांसमोर!"

"तुम्ही नाही म्हणालात? मला वाटलं मी म्हणाले."

"आता यात तू-मी काय..."

"तुमच्या माणसांत तुम्ही चांगले राहिलात, वाईट मी झाले. हे काम करायला मला कंपनीत पगार मिळेल."

ती उठून मुलांच्या अभ्यासाकडे गेली. हा माझ्याकडे वळला. "बघ आई. एवढं करून हे. सर म्हणाले मोठी पायरी चढलास."

मला तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. मी त्याला म्हटलं, "पायरी चढलास, पन तिच्या डोक्यावर पाय देऊन चढलास. नियम कुनाचा? तू नारळ फोडलास. शब्द कुनी दिला? तू दिलास. आन् मामाच्या तोंडाला कोन लागलं? ती. मजूर बायांना नाही म्हनायला तुला कोचिंग लागत नव्हतं, ते तुला जन्मापास्नं येतं. शिकायचं व्हतं ते मामाला नाही म्हनायचं. ते शिकलास का?"

"मामाचा मान असतो आई. तूच शिकवलंस."

"मान वाढायला शिकवलं, पानात. दुसऱ्याची रोपं वाढायला न्हाई शिकवलं."

तो माझ्यासमोर खाली बसला. मग म्हणाला, "काय करू सांग."

"मामाच्या घरी जा आन् नाही म्हन."

"आता? रोपं तर गेली जुन्नरला."

"मग सोपंय की. नुसतं म्हनायचंच राह्यलंय."

तो एकटा गेला नसता, गेला असता तर चहा पिऊन परत आला असता. म्हणून मी बरोबर गेले. भावाच्या ओसरीवर दोन शेजारी बसलेले होते, ते बरंच झालं. भावाने आम्हाला बघून शेजाऱ्यांना डोळा घातला. "या, या. मॅडमची परवानगी काढून आलात ना?"

मुलगा हसला. सवयच ती. मी म्हटलं, "हसू नको."

चहा आला. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, टोमॅटोच्या बाजाराच्या झाल्या, कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या झाल्या. दुसरा चहा आला. मी कप बशीवर जोरात ठेवला.

मुलगा म्हणाला, "मामा, परवाचं बोलायचं होतं. ती नाही म्हणाली ते तिचं काम होतं. मी म्हणायला पाहिजे होतं. ती रोपं दुसऱ्याच्या नावाची आहेत हे मला घाटावरच माहीत होतं. तरी मी तुम्हाला शब्द दिला. तिचं राज्य-बिज्य काही नाही. मी नियम केलाय, की रोपं नंबरानेच मिळतील. मामाला पण. मला पण."

भाऊ म्हणाला, "म्हंजी चार मान्सांत मला बनवलं."

मुलाने हातातला कप खाली ठेवला. "हो," तो म्हणाला.

"तुझ्या बापानं आसं केलं नसतं."

मी म्हटलं, "त्याच्या बापानं शब्द दिला आसता आन् गाडी आली तवा मागच्या दारानं रानात गेला आसता. मी नांदलीये त्याच्यासंगं. तू न्हाईस."

एक शेजारी खोकला. भावाची बायको आत जाऊन उभी राहिली. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "आक्का, तू भावाची का सुनंची?"

"मला उजेडात घरी जायचंय. रोपं हवी आसतील तर तिला फोन कर, ती तारीख देईल. चांगली रोपं देईल. नको आसतील तर ऱ्हाऊ दे."

आम्हाला पोचवायला तो उठला नाही. रोपं त्याने दुसरीकडून नेली. या वर्षी माहेरच्या यात्रेचं आमंत्रण मला आलं नाही. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच झालं. मला वाईट वाटलं का, असं शेजारणीने विचारलं. वाटलं. पण ज्या यात्रेचं जेवण दुसऱ्याच्या रोपांवर मिळतं, ते न मिळालेलंच बरं, असं मी तिला सांगितलं आणि तिनं ते गावभर केलं, तेही बरंच झालं.

परत आल्यावर मुलगा सुनेला म्हणाला, "सांगून आलो."

"काय सांगितलं? शब्द काय होते?"

त्याने सगळं परत म्हणून दाखवलं. ती माझ्याकडे वळली. "असंच म्हणाले?"

"आसंच म्हनला. दोन चहा पिऊन म्हनला, पन म्हनला. शेजारी बसले व्हते."

तिने मान हलवली आणि भाकरी थापायला घेतली. आनंद-बिनंद काही दाखवला नाही. दाखवायचं कारणही नव्हतं. एका माणसाने एकदा खरं बोलणं ही काय आरती ओवाळायची गोष्ट आहे का?

पुढच्या वर्गाला आळेफाट्याला त्याने हीच गोष्ट उभं राहून सांगितली म्हणे. मी विचारलं, "तिला नेलं व्हतंस का?" तो म्हणाला, "तिथं ओनर लोकच असतात आई." म्हणजे जिच्यामुळे बदल टिकला ती घरी, आणि ज्याने दोनदा मोडला तो स्टेजवर. सरांना मला एवढंच विचारायचं आहे: तुम्ही या लोकांना एकेकटं बोलावून, हॉलात बसवून बदलता. परत येताना ते त्याच घरात येतात, त्याच मामाकडे, त्याच घाटावर. आम्हाला कुणी सांगितलं होतं का, की तुमचा माणूस आता बदललाय, त्याच्याकडे जुनं मागू नका? भावाला सांगितलं होतं का? मग तो मागणारच. आणि हा देणारच. तुम्ही मोटारीत नवं इंजिन टाकता आणि ओढायला बैल जुनेच जुंपलेले असतात.

सून सध्या आमच्याकडेच काम करते, कंपनीला हो कळवायचं तिने लांबणीवर टाकलं. परवा कंपनीच्या माणसाचा पुन्हा फोन आला, मी शेजारीच मिरच्या निवडत होते. ती त्याला म्हणाली, "हा हंगाम जाऊ द्या, मग बघू." फोन ठेवून मला म्हणाली, "मी नाही म्हटलेलं नाही हं आई. थांबा म्हटलंय."

मी म्हटलं, "म्हनूच नको. त्यांचा फोन येत राहू दे. आन् आलेला तुझ्या नवऱ्याला ऐकू जाऊ दे."